नांगराचा चिखल धुवायला नाळेवर पंप बसवायचाय, सल्ला हवा

चिखल्या_कप्तान | २७ मे, रात्री ११:१०

मंडळी, नमस्कार. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे बोटीवर काम केलेले दोन-चार जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

मी मेरीलँडमध्ये राहतो, अ‍ॅनापोलिसजवळ. दोन वर्षांपूर्वी एक ३४ फुटी जुनी शिडाची बोट घेतली. आमचा चेसापीक उपसागर म्हणजे पसरट परात आहे. सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर आणि तळाला जिकडेतिकडे चिखल. नांगर या चिखलात असा रुततो की रात्री वारा सुटला तरी बोट जागची हलत नाही. तक्रार सकाळची आहे.

मेमोरियल डेच्या सुट्टीत ऱ्होड रिव्हरमध्ये दोन रात्री नांगर टाकून होतो. निघताना बायको सुकाणूवर, मी पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर. साखळी वर यायला लागली ती काळ्या लोण्यात बुडवून काढल्यासारखी. प्रत्येक कडीत चिखल ठासलेला. एका पायाने विंडलासचं (साखळी वर ओढणाऱ्या यंत्राचं) बटण दाबायचं, मग थांबायचं, दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची, भरून ओढायची, ओतायची, ब्रश मारायचा. २० मीटर साखळीला पाऊण तास गेला. तोवर बोट वाऱ्याने शेजारच्या बोटीकडे सरकायला लागली, तेव्हा ब्रश टाकून उरलेली साखळी तशीच कप्प्यात ढकलली.

खरी गंमत नंतर. आमच्या साखळीच्या कप्प्याचं भोक बाहेर समुद्रात उघडत नाही, बोटीच्या पोटात उघडतं. चिखल तिथे उतरला, बिल्ज पंपाच्या (बोटीच्या पोटात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) जाळीत बसला आणि पंप बंद पडला. आणि आमची झोपायची केबिन या कप्प्याला लागूनच, त्यामुळे चिखलाचा वास थेट आत. तिसऱ्या दिवशी रात्री बायकोने विचारलं, "बोटीवर अंडी कधी आणली होतीस?"

तर आता नाळेवर पाण्याचा नळ हवाच. प्रश्न असे: पाणी समुद्राचं घ्यायचं की टाकीतलं? समुद्राचं घ्यायचं तर बोटीच्या बुडाला नवीन भोक पाडायचं का? पंप केवढा? आणि घरात १४ गेजची वायर बरीच उरलीये, ती चालेल का?

---

काळी_माती | २८ मे, सकाळी ८:०२

नांगर म्हणून धागा उघडला तर निघाली बोट. मी अकोल्याकडचा, आमच्याकडे नांगर ट्रॅक्टरमागे असतो. पण चिखलाचं म्हणाल तर त्या विषयात आम्ही मागे नाही. पावसात रोटाव्हेटरला काळी माती लागली की सिमेंट परवडलं.

एक अनुभव सांगतो, पटला तर घ्या. मी आधी फवारणीच्या एचटीपी पंपाने अवजारं धुवायचो. प्रेशर जबरदस्त, पण बारीक धार मातीत नुसतं भोक पाडते. गोळा तिथेच राहतो. बोअरचा साधा नळ, दोन बोटांएवढी धार लावली की माती आपणहून सुटते. प्रेशरपेक्षा पाणी जास्त पाहिजे.

---

फोरकॅसल | २८ मे, सकाळी ९:४५

वरच्या प्रतिसादाला +१. अकोल्याच्या माणसाने जहाजावरची गोष्ट सांगितली.

मी मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली, शेवटची बरीचशी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. मोठ्या जहाजावर नांगराची साखळी ज्या नळकांड्यातून वर येते त्याला हॉस पाइप म्हणतात. त्या पाइपाच्या आतच पाण्याच्या तोट्या बसवलेल्या असतात. नांगर उचलायचा हुकूम आला की फायर लाइनचं (आग विझवायच्या पाइपाचं) पाणी तिकडे सोडायचं, म्हणजे साखळी वर येता येताच धुतली जाते. तरी मुंबईच्या अँकरेजवर (जहाजं नांगर टाकतात त्या जागी) एक खलाशी वेगळा होज घेऊन उभा राहायचाच. तिथला गाळ तोट्यांना दाद देत नाही.

यात तुमच्या कामाची गोष्ट एकच. साखळी कप्प्यात जाण्याआधी धुवायची. एकदा आत गेली की तो चिखल तुमचा. आमच्याकडे चीफ ऑफिसर चिखलाची कडी आत जाताना दिसली की विंडलास थांबवायचा. एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर साखळी, ती नीट धुवायला जो वेळ लागेल तो लागेल. तुम्ही घाई केलीत, तिथे चुकलं.

---

चिखल्या_कप्तान | २८ मे, रात्री ९:३०

काका, घाई केली नसती तर शेजारच्या बोटीचं रेलिंग गेलं असतं! पण मुद्दा मान्य.

काळी_माती, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती यवतमाळची. "बघ, मी हेच म्हणत होते," म्हणाली. (म्हणत नव्हती.)

---

पुणे_३०_ओहम | २८ मे, रात्री १०:१५

बोटीत आयुष्यात एकदा बसलोय, तेही गेटवेहून घारापुरीला. पण वायरचं विचारलंत म्हणून राहवत नाही.

१४ गेज विसरा. हिशोब बघा. बॅटरीपासून नाळेपर्यंत ९ मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन १८ मीटर तांबं. पंप १२ अँपिअर ओढतो असं समजू. १४ गेज म्हणजे साधारण २ चौरस मिमी. तिच्यातच जवळजवळ १.८ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टांतले पंपाला मिळणार १०.२. पंप फिरेल, पण रडत फिरेल, आणि वायर गरम होईल ते वेगळं.

गेजचा आकडा कमी तितकी वायर जाड. ८ गेज घेतली तर घट पाऊण... नाही, थांबा, ०.४५ व्होल्ट. म्हणजे पावणेचार टक्के. ६ गेज घेतली तर अडीच टक्क्यांच्या आत. तुमच्याकडच्या एबीवायसी या बोटींसाठीच्या मानकात अशा बिनमहत्त्वाच्या लोडला १० टक्के घट चालते आणि महत्त्वाच्याला ३ टक्के, असं वाचलंय. ८ गेज पुरे. कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं.

आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, पंपाच्या जवळ नव्हे. फ्यूज वायरला वाचवायला असतो, पंपाला नाही. लोक नेमके उलट करतात.

---

वेसावकरीण | २९ मे, दुपारी ३:२०

दादा, मी वर्सोव्याची. आमच्या घरची बोट आहे, पप्पा नाखवा. आता दोन दिवसांत १ जूनची मासेमारीबंदी लागेल, बोटी किनाऱ्याला यायला लागल्यात, म्हणून मोबाइल हातात आहे.

आमच्याकडे नांगराला साखळी थोडीच असते, बाकी सगळा दोर. दोराला चिखल कमी धरतो. धुवायला इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप आहे, मासळी आणि फळ्या धुवायला तोच, नांगराला पण तोच. पण आमचा तांडेल (बोट चालवणारा) पंपाच्या आधी एक गोष्ट करतो. नांगर तळातून सुटला की लगेच पुरता वर घेत नाही. पाण्याच्या पातळीशी आणून ठेवतो, वर-खाली, वर-खाली, आठ-दहा वेळा बुचकळतो. अर्धा चिखल तिथेच जातो. आपण कपडे खळबळवतो ना, तसंच.

---

चिखल्या_कप्तान | २९ मे, रात्री ८:५०

ताई, हे शनिवारी करून बघतो. बोट पुढे चालवत ठेवायची का त्या वेळी?

---

वेसावकरीण | ३० मे, सकाळी ११:०५

पप्पांना विचारलं. म्हणाले, पुढे नको, नांगर बोटीच्या पोटावर आपटेल. लाकडी बोटीला ओरखडा, तुमच्या फायबरला खड्डा. हळू मागे घ्यायची, म्हणजे नांगर नाळेपासून लांब राहतो आणि पाणी त्याच्यावरून वाहतं. आणि मागे घेताना मागे कोण आहे ते आधी बघायचं, हे पण सांग म्हणाले.

---

मांडवी_काठ | ३० मे, दुपारी १:४०

पणजीहून. माझी २६ फुटी आहे, विंडलास नाही, सगळं हाताने. मला हा पंपाचा खटाटोप समजतच नाही. मी बाजारातून १२ व्होल्टचा बुडवायचा बिल्ज पंप आणला, दोरीला बांधला, मागे लांब वायर आणि पाइप. नांगर उचलायच्या वेळी बाजूने पाण्यात सोडतो, काम झालं की वर काढून बादलीत. बुडाला भोक नाही, व्हॉल्व नाही, काही नाही. पावसाळ्यात मांडवीला लाल गाळ येतो, तो पण जातो.

उगाच बोटीला भोकं पाडू नका. समुद्राचं पाणी बाहेर ठेवणं हे बोटीचं पहिलं काम.

---

फोरकॅसल | ३० मे, संध्याकाळी ६:१०

मांडवी_काठ, तुमची युक्ती २६ फुटीला उत्तम. पण बिल्ज पंप पाणी भरपूर देतो, जोर देत नाही. नाळ उंच असेल तर वर चढेपर्यंत धार मरते, आणि पुढे नोझल लावला तर उरलंसुरलंही गेलं. शिवाय बोट सरकत असताना बाजूला लोंबणारी वायर प्रोपेलरमध्ये जायला वेळ लागत नाही.

कप्तान, तुम्हाला डायफ्रॅम पंप (रबरी पडद्याने पाणी ढकलणारा) लागेल. मिनिटाला १५ ते १९ लिटर, ६०-७० पीएसआयचा प्रेशर स्विच असलेला. नोझल बंद केला की पंप आपोआप थांबतो, उघडला की सुरू. पाणी नसताना थोडा वेळ चालला तरी लगेच मरत नाही. पंपाच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर पहिल्याच फेरीत शेवाळ आत.

टाकीतलं पाणी वापरू नका. मिनिटाला १५ लिटर आणि धुवायला ५ मिनिटं धरली तरी ७५ लिटर. तुमची टाकी केवढी?

---

चिखल्या_कप्तान | ३० मे, रात्री १०:२०

२०० लिटरची. म्हणजे प्रत्येक नांगरामागे एक तृतीयांशाहून जास्त टाकी. मग समुद्राचंच.

बुडाला सध्या तीन भोकं आहेत: एक इंजिनाच्या थंड पाण्याचं, एक टॉयलेटला पाणी आणणारं, एक सिंकचं पाणी बाहेर सोडणारं. इंजिनाचा इनलेट सगळ्यात मोठा आहे, त्यावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकू का?

---

फोरकॅसल | ३१ मे, सकाळी ७:३०

नाही. तीनदा नाही.

नांगर उचलताना इंजिन चालू असतं की नाही? असलंच पाहिजे. म्हणजे नेमकं ज्या पाच मिनिटांत इंजिनाला पाणी हवं, त्याच पाच मिनिटांत तुमचा पंप त्याच्या तोंडचं पाणी ओढणार. होजची एक क्लिप सैल असली तर हवाही ओढेल. इंजिनाचा रबरी इम्पेलर (थंड पाणी खेचणारं दातेरी चाक) कोरडा फिरला की एका मिनिटात त्याचे दात जातात. मग नांगर वर, इंजिन बंद, वारा किनाऱ्याकडे. हा प्रसंग मी पाहिलाय, माझ्या बोटीवर नव्हे, पण पाहिलाय.

टॉयलेटच्या इनलेटवर टी टाका. तो नाळेच्या जवळही असतो, सक्शनचा पाइप आखूड पडतो.

---

चिखल्या_कप्तान | ३१ मे, रात्री ८:०५

घरात बैठक झाली. "संडासाच्या पाण्याने?" हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत चार वेळा ऐकला. सासूबाई फोनवर होत्या, त्यांच्याही कानावर गेलं.

समजावलं की हे आत येणारं पाणी आहे, बाहेर जाणारं नव्हे. स्वच्छ समुद्रच तो. शेवटी "पण त्या नळाने भाज्या धुवायच्या नाहीत" या अटीवर मंजुरी मिळाली.

---

वेसावकरीण | १ जून, सकाळी १०:००

😂😂 आमच्याकडे त्या नळाने भाज्या सोडा, म्हावरं पण धुतात.

---

पुणे_३०_ओहम | १ जून, सकाळी ११:३०

टॉयलेट आणि नळ एकाच पाइपावर असतील तर पंप टॉयलेटच्या बाजूने हवा ओढणार नाही का? दोन्ही फांद्यांवर वेगळा व्हॉल्व पाहिजे असं मला सर्किटच्या हिशोबाने वाटतं.

दुसरं, विंडलास आणि पंप एकदम चालणार. विंडलास १००० वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर तोच ८० अँपिअरच्या वर गेला. त्यात पंपाचे १२. इंजिन चालू ठेवा, नुसत्या बॅटरीवर हे करू नका.

---

फोरकॅसल | १ जून, दुपारी १२:१५

व्हॉल्वचं बरोबर आहे. बोटीत एकदाच बसलेला माणूस बरा बोलतोय.

आणखी एक राहिलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. हा पंप प्रेशर पडलं की स्वतःहून सुरू होतो. तुम्ही किनाऱ्यावर जेवायला गेलात, आत पाइप फुटला किंवा निसटला, तर पंपाला वाटणार की कोणीतरी नळ उघडला. तो बॅटरी संपेपर्यंत समुद्र बोटीत भरत राहील. काम झालं की स्विच बंद, बुडाचा व्हॉल्वही बंद. रोज.

---

नर्मदेकाठची | २ जून, सकाळी ९:१२

काही कळत नाही पण वाचतेय. धागा थांबवू नका.

---

मांडवी_काठ | २ जून, रात्री ९:४८

माझं मत तेच आहे. पण जाता जाता: २०१२-१३ मध्ये नौदलाच्या अभिलाष टॉमींनी म्हादेई या शिडाच्या बोटीवरून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बघा, थांबलंच नाही की नांगर धुवायचा प्रश्नच मिटला.

---

चिखल्या_कप्तान | २३ जून, रात्री ११:३०

काम झालं. तीन वीकेंड गेले. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग झाला तर.

टॉयलेटच्या इनलेटवर पाऊण इंची टी, दोन्ही फांद्यांना व्हॉल्व. मग गाळणी, मग पंप. पंप केबिनच्या पलंगाखाली बसवला, पाण्याच्या पातळीपासून हातभर वर. तिथून पाइप साखळीच्या कप्प्यातून वर डेकवर, नाळेशी एक तोटी. तोटीला लावायला ५ मीटर होज. वायर ८ गेजची, थेट बॅटरीपासून.

पहिल्या दिवशी चालू केला तर पंप धापा टाकत होता. फट-फट-फट, पाणी थुंकल्यासारखं. दोन तास प्रत्येक क्लिप आवळली. शेवटी लक्षात आलं की गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताहेत. झाकणाची रबरी रिंग पिळवटून बसली होती, तिथून हवा जात होती. काढली, ग्रीस लावलं, हाताने आवळलं. पाना लावू नका, झाकणाला चीर जाते. मग एकदम भरघोस धार आली.

तोटीची चूक मात्र केली. पितळी तोटीवर स्वस्तातला अ‍ॅल्युमिनियमचा होज-जोड लावला आणि तसाच ठेवला. दोन आठवड्यांत खाऱ्या पाण्याने दोन्ही एकजीव. पाना, गरम पाणी, शिव्या, सगळं झालं, शेवटी करवत. आता प्लास्टिकचा जोड आहे.

साखळीच्या कप्प्याचं भोकही बदललं. बिल्जकडे जाणारं बुजवलं आणि पाणी बाहेर पडेल असं नवीन पाडलं, पाण्याच्या पातळीच्या चांगलं वर. मांडवी_काठ, माफ करा, एक भोक पाडलंच.

---

फोरकॅसल | २४ जून, सकाळी ८:००

आणि नांगर?

---

चिखल्या_कप्तान | २४ जून, रात्री ९:१५

तेच सांगायचं राहिलं. काल पुन्हा ऱ्होड रिव्हर, मुद्दाम तीच जागा. नांगर सुटला की पातळीशी थांबवून ताईंच्या पप्पांनी सांगितलं तसं हळू मागे घेत बुचकळलं. आमच्या नांगराचा फाळ खोलगट आहे, त्यात पाटीभर चिखल बसतो. तो गोळा अख्खाच्या अख्खा सुटून खाली गेला, पाणी शाईसारखं काळं झालं.

साखळीला मात्र पंप लागतो. नाळेच्या रोलरपाशी वाकून बसलो, होजची धार वरून नाही, खालून वर, येणाऱ्या कडीच्या पोटात. एकेक मीटर. कडीतून चिखल सुटताना आधी काळा, मग करडा, मग खालचं जस्त चमकतं, तेवढं दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही. १२ मिनिटं लागली. हात विंडलासच्या चाकापासून लांब ठेवतो, हे न विचारता सांगतो.

---

काळी_माती | २५ जून, सकाळी ७:२०

फाळ म्हणालात, बरं वाटलं. इथे पेरणी आटोपत आलीये. म्हणजे दोन्हीकडे नांगर, दोन्हीकडे फाळ, आणि चिखलही तोच.

---

फोरकॅसल | २५ जून, सकाळी ९:००

शब्दाचं निघालंच आहे तर: ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये सीक्यूआर नांगर काढला, तो शेतातल्या नांगरासारखाच दिसतो आणि इंग्रजीत त्या जातीला 'प्लाऊ'च म्हणतात. त्यांनी एका जातीला म्हटलं, आपण आधीपासून सगळ्यांनाच म्हणतोय.

---

चिखल्या_कप्तान | १९ जुलै, रात्री १०:४०

अपडेट. जेलीफिश. इथे उन्हाळ्यात उपसागर त्यांनी भरतो. आज धुता धुता धार एकदम बारीक झाली. गाळणी उघडली तर आत खळीसारखा लगदा. हातमोजे न घालता काढला. अजून बोटं चुरचुरताहेत. आता गाळणी दर खेपेला आधी बघतो आणि हातमोजे पंपाशेजारीच ठेवलेत.

हिवाळ्याचं कोणी विचारण्याआधी: इथे पाणी गोठतं. ऑक्टोबरच्या अखेरीस बोट बाहेर काढताना पंपातून तो गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारा द्रव) फिरवणार, नाहीतर पंपाचं डोकं फुटतं. इंजिनाच्या वेळी पहिल्या वर्षी शिकलोय.

---

पुणे_३०_ओहम | २० जुलै, सकाळी ८:१०

फ्यूज कुठे बसवलात ते लिहिलंच नाहीत.

---

चिखल्या_कप्तान | २० जुलै, सकाळी ८:२५

बॅटरीपासून ६ इंचांवर. बायकोने पट्टी लावून मोजलं. स्विचवर तिनेच मराठीत चिठ्ठी चिकटवलीये: "जाताना बंद कर."